बियाणे घेताना: वाण घडवणारा, वाढवणारा आणि पिशवी भरणारा

बियाण्याच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारा शेतकरी बहुधा एकच प्रश्न विचारतो: कुठल्या कंपनीचे बियाणे चांगले? ज्या मालावर जास्त सुटते त्या पिशवीकडे दुकानदार बोट दाखवतो आणि व्यवहार तिथेच संपतो. मुळात हा प्रश्नच अपुरा आहे, कारण एकाच कंपनीच्या एकाच वाणाचा एक लॉट (एकाच वेळी तयार झालेली खेप) उत्तम निघतो आणि पुढच्या वर्षीचा लॉट शेतकऱ्याला रडवतो. पिशवीतल्या दाण्यामागे तीन वेगळी कामे असतात: नवे वाण घडवणे, ते वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखून वाढवणे, आणि तयार बियाणे पिशवीत भरून विकणे. ही तिन्ही कामे एकच संस्था करते असे क्वचितच घडते. बियाणे बिघडले तर ते या तिघांपैकी कोणाच्या हातून बिघडले, हे ओळखता आले की निवडही करता येते आणि पुढे गरज पडल्यास तक्रारही नेमकी मांडता येते.

हुक्केरी, निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव या तालुक्यांत जे नव्याने शेतीत उतरले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे मुख्यतः मिरची आणि सोयाबीन या दोन पिकांची घेतली आहेत. मिरचीचा वाण शेजारच्या शेतातल्या परागाने बिघडतो, तर सोयाबीनचा वाण सहसा बिघडत नाही पण दाणा उगवेल की नाही याचीच धास्ती असते. त्यामुळे बियाण्याच्या गुणवत्तेचे दोन्ही पदर या दोन पिकांत स्वच्छ दिसतात.

पहिली पायरी: पीक आणि वाणाचा प्रकार ओळखणे

भात, सोयाबीन, गहू, हरभरा ही पिके स्वतःच्याच परागाने फळतात. त्यांचा सुधारित वाण एकदा स्थिर झाला की घरचे बियाणे धरून दोन-तीन वर्षे पेरले तरी पीक तसेच येते. खानापूरच्या भातात जी भेसळ दिसते, ती बहुतेक वेळा परागाची नसून खळ्यावरची, मळणी यंत्रातली किंवा मागच्या वर्षी शेतात पडून उगवलेल्या दाण्यांची असते. ती डोळ्यांत तेल घालून निवडून काढता येते, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवत नाही.

मक्याचे उलट आहे. त्याचा पराग वाऱ्यावर दूर जातो आणि परिणाम त्याच हंगामात कणसावर दिसतो. पांढऱ्या मक्याच्या कणसात मधूनच पिवळे दाणे भरलेले आढळतात. मिरची या दोहोंच्या मधली. तिचे फूल स्वतःच्या परागानेही फळते, परंतु मधमाश्यांची ये-जा असेल तर परपरागण होते. त्याचे प्रमाण काही ठिकाणी दहा टक्क्यांच्या आत राहते, तर काही ठिकाणी निम्म्याच्याही वर जाते. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावल्याने ढोबळी त्याच वर्षी तिखट झाली, असे अनेकजण खात्रीने सांगतात. तसे होत नाही, कारण फळाची साल आणि आतला गर हे आईच्या झाडाचे असतात. परक्या परागाचा अंश फक्त आतल्या बीमध्ये उतरतो आणि ते बी पुढच्या वर्षी लावल्यावरच रोपात प्रकट होतो. म्हणूनच मिरचीचे फळ कितीही देखणे असले, तरी त्यावरून आतल्या बियाण्याच्या शुद्धतेचा अंदाज बांधता येत नाही.

आता वाणाचा प्रकार. सुधारित वाण आणि संकरित वाण यांतला फरक नवख्याने पहिल्या दिवशीच समजून घ्यावा. सुधारित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी आईसारखी येते. संकरित वाण म्हणजे दोन वेगवेगळ्या शुद्ध ओळींचा, म्हणजे दर पिढीत एकसारख्याच येणाऱ्या झाडांच्या कुळांचा, पहिला संकर असतो. त्याची सगळी झाडे एकसारखी येतात, जोमही जास्त असतो, परंतु त्याच्या फळातले बी लावले की गुण फुटतात. कोणी उंच, कोणी बुटके, कोणी लवकर तर कोणी उशिरा फळणारे, अशी जत्रा शेतात भरते. संकरित वाणाची स्थिरता पिशवीतल्या दाण्यात नसते, ती त्याच्या आईबापांच्या ओळींमध्ये असते, आणि त्या ओळी कंपनीच्या ताब्यात असतात. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. यात फसवणूक काही नाही; मात्र हे न सांगता विकणे ही फसवणूक आहे.

तिसरा प्रकार आपल्या भागातल्या जुन्या गावरान वाणांचा. संकेश्वरी मिरची ही हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाने ओळखली जाते आणि सीमेपलीकडे गडहिंग्लजच्या बाजारातही ती त्याच नावाने विकली जाते. अशा वाणात झाडागणिक थोडाफार फरक असतोच आणि तो दोष नव्हे. पावसाच्या लहरीपणात पीक तगण्याचे ते एक कारणही असते. फरक किती असावा यालाही अर्थात मर्यादा आहे. लांब, सडपातळ, लालभडक मिरच्यांच्या वाफ्यात मधूनच आखूड आणि जाड सालीच्या मिरच्या दिसू लागल्या, तर ती गावरान विविधता नसून शेजारच्या संकरित मिरचीचा शिरकाव आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी: वाण कोणी घडवले आणि कोणी वाढवले, हे शोधणे

सोयाबीनमध्ये हे शोधणे सोपे आहे, कारण वाणाच्या नावातच जन्मस्थान दडलेले असते. जेएस-३३५ हा १९९४ चा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा. डीएसबी-२१ धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा. आणि केडीएस-७२६ म्हणजे फुले संगम हा राहुरी विद्यापीठाच्या सांगलीजवळील कसबे डिग्रज केंद्राचा. आपल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा जोरात येतो. जेएस-३३५ त्याला लवकर बळी पडतो, तर डीएसबी-२१ आणि फुले संगम बऱ्यापैकी टिकतात. वाण कुठल्या हवामानात आणि कुठल्या रोगासमोर निवडले गेले, हे म्हणूनच कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त बोलके असते.

विद्यापीठाने वाण घडवले तरी पिशवीतले बियाणे विद्यापीठाचे असतेच असे नाही. पैदासकार, म्हणजे वाण घडवणारा संशोधक, स्वतःच्या देखरेखीखाली अगदी थोडे बियाणे तयार करतो, त्याला पैदासकार बियाणे म्हणतात. त्यापासून पायाभूत बियाणे आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे होते. प्रत्येक पिढीत प्रमाण वाढते आणि भेसळीची शक्यताही वाढते; म्हणून प्रमाणीकरणाच्या मानकांत पायाभूत बियाण्याला ९९ टक्के, तर सुधारित वाणाच्या प्रमाणित बियाण्याला ९८ टक्के आनुवंशिक शुद्धता, म्हणजे त्याच वाणाच्या दाण्यांचे प्रमाण, लागते. संकरित वाणांसाठी ही अट सर्वसाधारणपणे ९५ टक्के आहे आणि हाताने संकर करावा लागणाऱ्या काही पिकांत त्याहूनही सैल आहे. शंभर टक्के शुद्धतेचा दावा करणारा विक्रेता, माझ्या मते, त्याच क्षणी संशयास्पद ठरतो.

संकरित भाजीपाल्याचे बियाणे कसे तयार होते हे एकदा पाहण्यासारखे आहे. हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूर परिसर हे त्याचे मोठे केंद्र. तिथे अनेक कंपन्यांसाठी शेतकरी कुटुंबे कराराने बीजोत्पादन करतात. टोमॅटोच्या किंवा मिरचीच्या आईच्या ओळीवरची उमलू पाहणारी कळी चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर काढून टाकले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या ओळीचा पराग त्या कळीला बोटाने किंवा काडीने लावला जातो. एका एकरात अशा हजारो कळ्या असतात. दिवसभर वाकून हे काम करणाऱ्या मजूर बायांच्या नजरेतून काही कळ्या सुटल्या, की त्या स्वतःच्याच परागाने फळतात आणि पिशवीत आईचे बी मिसळते. काही मिरची संकरांत आईची ओळ पराग न देणारी असते, तिथे हा धोका कमी होतो; पण बापाची ओळ शुद्ध नसेल किंवा शेजारी दुसरी मिरची असेल तर भेसळ होतेच. चांगली कंपनी या फळांची आणि रोपांची तपासणी करून वाईट लॉट बाजूला काढते, तर सुमार कंपनी तोच लॉट हंगामाच्या घाईत खपवते. कंपन्या-कंपन्यांमधला खरा फरक मला इथेच दिसतो. वाण घडवणारे संशोधक अनेकांकडे असतात, लॉट नाकारण्याची तयारी थोड्यांकडे असते.

बाजारात मिळणाऱ्या बियाण्याचे स्रोत साधारण असे मानावेत. सोयाबीन, भात, हरभरा यांसारख्या स्वपरागित पिकांत सरकारी महामंडळांचे किंवा विद्यापीठाचे प्रमाणित बियाणे घेणे सर्वांत शहाणपणाचे. धारवाडच्या विद्यापीठात पावसाळ्यापूर्वी बियाणे विक्रीला असते. गोकाकजवळील तुक्कानट्टी आणि बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रांकडेही चौकशी करावी. भाजीपाल्याच्या संकरित वाणांत खासगी कंपन्यांना पर्याय कमी आहे. तिथे स्वतःची चाचणी शेते असलेली आणि लॉटच्या तक्रारीला उत्तर देणारी कंपनी पाहावी. सर्वांत जपून राहायचे ते फक्त पिशवी भरणाऱ्यांपासून. त्यांच्याकडे ना पैदासकार असतो ना बीजोत्पादनाची शेते. मिळेल तिथून घेतलेला माल चकचकीत पाकिटात भरायचा आणि ‘रिसर्च वाण’ असे भारदस्त नाव द्यायचे, एवढाच त्यांचा उद्योग. अशा पाकिटावर वाणाच्या आईबापांचा, अधिसूचनेचा किंवा कुठल्या चाचणीचा पत्ता नसतो.

ऊस आणि बटाटा यांचा इथे ओझरता उल्लेख करतो. ही पिके कांडीने आणि कंदाने वाढतात, त्यामुळे को-८६०३२ चा ऊस कितीही पिढ्या लावला तरी आनुवंशिकदृष्ट्या तोच राहतो. त्यांत जे बिघडते ते रोगाने. बेळगाव तालुक्यात बटाटा करणाऱ्यांनी घरचेच बेणे वर्षानुवर्षे वापरले तर उतारा घसरत जातो, तो वाण ‘जुना झाल्यामुळे’ नसून मावा पसरवत असलेल्या विषाणूंमुळे. त्यावर उपाय वाण बदलण्याचा नव्हे, निरोगी बेणे आणण्याचा आहे.

तिसरी पायरी: खूणचिठ्ठी वाचणे

पिशवी हातात घेतल्यावर दर विचारण्याआधी तिला शिवलेली किंवा तिच्यावर छापलेली चिठ्ठी वाचावी. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी आणि सत्यप्रत बियाण्याची हिरवी असते. १९६६ चा बियाणे कायदा केंद्राचा असल्याने हे रंग कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखेच आहेत. निळ्या चिठ्ठीमागे राज्याच्या प्रमाणीकरण यंत्रणेने बीजोत्पादनाचे शेत पाहिलेले असते. हिरव्या चिठ्ठीमागे फक्त विक्रेत्याचा शब्द असतो. तो शब्द खोटा ठरला तर कायद्याने तो जबाबदार असतो, पण शेत कोणी तिऱ्हाइताने पाहिलेले नसते. भाजीपाल्याची बहुतेक पाकिटे हिरव्या चिठ्ठीची असतात, म्हणून ती वाईट ठरत नाहीत. मात्र तिथे विक्रेत्याच्या नावाला अधिक वजन येते.

चिठ्ठीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता हे सगळे असायला हवे. भौतिक शुद्धता आणि आनुवंशिक शुद्धता यांत गल्लत करू नये. पहिलीत माती, काडीकचरा, फुटके दाणे किती, एवढेच कळते. दुसरीत दाणा त्याच वाणाचा आहे का, ते कळते. ९८ टक्के भौतिक शुद्धतेच्या झळझळीत पिशवीतही सगळा दाणा भलत्याच वाणाचा असू शकतो. उगवणशक्तीची किमान मर्यादा सोयाबीन आणि टोमॅटोला ७०, मिरचीला ६०, भाताला ८० टक्के अशी आहे. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून ९ महिने असते आणि फेरचाचणीनंतर ती वाढवता येते. जुन्या चिठ्ठीवर नव्या तारखेचा कागद चिकटवलेला दिसला तर त्यावर नखाने खरवडून पाहावे. दुकानदार रागावला तरी चालेल.

फ्लॉवर घेणाऱ्यांनी चिठ्ठीबरोबर पाकिटावरचा हंगामही वाचलाच पाहिजे. फ्लॉवरचे वाण तापमानानुसार लवकर, मध्यम आणि उशिरा अशा गटांत मोडतात. लवकरच्या गटाचे वाण थंडीत लावले तर झाड वाढण्याआधीच बटणाएवढे गड्डे धरतात आणि उशिराच्या गटाचे वाण उन्हाळी दिवसांत लावले तर नुसता पाला माजतो. बियाणे शंभर नंबरी असते, तरी शिव्या कंपनीला पडतात.

रोपवाटिकेतून ट्रेमधले तरू (लावणीची रोपे) घेणाऱ्यांची चिठ्ठी तर डोळ्यांआडच राहते. आगाऊ रक्कम देतानाच रिकामे पाकीट किंवा त्याचा फोटो आणि लॉट क्रमांक लिहिलेली पावती मागावी. जो रोपवाटिकावाला हे देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मागच्या वर्षीच्या संकरित फळांतून काढलेले बी वापरले जात नसेल, याची खात्री कोणी द्यावी?

चौथी पायरी: घरी उगवण पाहणे

सोयाबीनचे बियाणे विकतचे असो की घरचे, पेरणीआधी बारदानावर उगवण पाहिल्याशिवाय पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर अगदी कडेला असतो; पोते ट्रॅक्टरवरून आपटले, मळणी यंत्र जास्त फेऱ्यांवर चालवले किंवा पोत्यांची उंच थप्पी लावली की अंकुर आतल्या आत मोडतो आणि वरून दाणा टपोरा दिसतो. चिठ्ठीवरचा आकडा गोदामातून निघतानाचा असतो; रस्त्यात काय झाले ते त्यात नसते.

ओले करून पिळलेले गोणपाट सावलीत अंथरावे, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेले एकूण १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत बोटभर अंतराने मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करावी आणि ओलावा टिकेल एवढेच पाणी शिंपडत राहावे. सोयाबीनचा पहिला हिशेब पाचव्या दिवशी आणि शेवटचा आठव्या दिवशी करतात. मिरचीला १४ दिवस थांबावे लागते, आणि अनेकजण आठवड्यातच धीर सोडून पाकीट खोटे ठरवतात. मोजताना मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपे धरावीत. कुजलेली, नुसते मूळ फुटलेली किंवा कोंब वाकडा होऊन अडकलेली रोपे गणतीत घेऊ नयेत. अशी चाचणी दोन-तीन वेळा करून सरासरी काढली तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

एकरी ३० किलो सोयाबीनची शिफारस ७० टक्के उगवण धरून केलेली असते. घरच्या चाचणीत ६० टक्के निघाले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे ३५ किलो होतात. त्याहून खाली गेले तर बियाणे वाढवत बसण्यापेक्षा ते परत करावे, कारण उगवण घसरलेल्या बियाण्यात उरलेली रोपेही अशक्त निघतात. बुरशीनाशक लावलेले बियाणे गुराढोरांपासून आणि मुलांपासून लांब ठेवावे, आणि उरले तरी ते दळणात किंवा खाद्यात जाऊ देऊ नये.

पाचवी पायरी: शेतातली भेसळ वाचायला शिकणे

उगवण उत्तम असूनही वाण खोटे असू शकते आणि ते फक्त शेतातच कळते. नव्या वाणाखाली पहिल्या वर्षी सगळे रान घालू नये. आधी चार-पाच गुंठ्यांत लावून पाहावे आणि शेजारी ओळखीच्या वाणाच्या काही सरी ठेवाव्यात. ९८ टक्के शुद्धता तपासायची तर निदान २०० झाडे पाहावी लागतात. पन्नास झाडांत दोन वेगळी निघाली म्हणून बोंब मारण्यात अर्थ नसतो, तो नशिबाचा खेळही असू शकतो. पाहणी तीनदा करावी: रोप रुजल्यावर पान आणि देठाचा रंग, फुलोऱ्यात झाडाची ठेवण आणि फुलाचा रंग, आणि पहिल्या तोड्याला फळाचा आकार, टोक आणि देठाकडचा भाग. सोयाबीनमध्ये फुलाचा रंग, शेंगेवरची लव आणि दाण्यावरच्या डोळ्याचा रंग एवढ्यावरून बरीच भेसळ पकडता येते.

वेगळी झाडे दिसली की त्यांना रंगीत सुतळी बांधावी आणि ती वेगळी झाडे आपसांत कशी आहेत ते पाहावे. संकरित मिरचीत भेसळीची सगळी झाडे एकमेकांसारखी आणि बाकी पिकापेक्षा कमी जोमाची असतील, तर ती बहुधा आईच्या ओळीची आहेत. कळीतले पुंकेसर काढायचे राहून गेले, म्हणजे दोष बीजोत्पादनाचा. प्रत्येक वेगळे झाड वेगळ्याच तऱ्हेचे असेल आणि ती संख्याही थोडीथोडकी असेल, तर विलगीकरण पाळले गेले नाही. मिरचीत प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर ठेवावे लागते. सगळे शेतच कमी-जास्त उंचीचे, मागेपुढे फुलणारे आणि वेगवेगळ्या फळांचे दिसले, तर पाकिटात पहिल्या संकराऐवजी त्याच्या फळांतून काढलेले बी भरले असण्याचा दाट संशय घ्यावा. आणि भेसळीची झाडे म्हणजे बाजारातलेच दुसरे ओळखीचे वाण निघाले, तर मिसळण पिशवी भरताना किंवा गोदामात झाली आहे. तक्रार करताना या चार गोष्टींपैकी नेमकी कुठली, हे सांगू शकणाऱ्या शेतकऱ्याला अधिकारीही गांभीर्याने घेतात.

याच्याबाहेरही एक कारण राहते, आणि ते ओळखता न आल्याने अनेक तक्रारी फेटाळल्या जातात. पाने आकसून वाटीसारखी झाली, झाड खुरटले, तर तो बोकड्या रोग आहे, वाणाची भेसळ नाही. निपाणी भागात आणखी एक काळजी घ्यावी. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुक्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि हातांवाटे मिरची-टोमॅटोच्या रोपांना लागतो. म्हणून वखारीत काम करून आलेल्यांनी किंवा तंबाखू मळून खाणाऱ्यांनी रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. रोगट झाडाचे बी तर कधीच धरू नये, कारण हा विषाणू बियाण्याच्या सालीवरून पुढच्या पिढीत जातो.

घरचे बियाणे: संकेश्वरीचे उदाहरण

गावरान वाणांना कुठलीही कंपनी राखत नाही. ती राखण शेतकऱ्यालाच करावी लागते. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही.

संकेश्वरी मिरचीचे बी धरताना बाजारात नेण्यासाठी तोडलेल्या ढिगातून लांब-लांब मिरच्या निवडण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तीच वाण बिघडवते. आधी झाड निवडावे, मग फळ. वाफ्याच्या कडेची झाडे सोडून मधल्या भागातली, निरोगी, भरपूर फळलेली आणि वाणाच्या खऱ्या ठेवणीची झाडे फुलोऱ्यातच खूण करून ठेवावीत आणि वेगळी दिसणारी झाडे परागण होण्याआधीच उपटावीत. दोन-चार देखण्या झाडांवर थांबू नये. थोड्याच झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या धरले तर वाण आतून आक्रसत जाते, म्हणून पन्नासच्या आसपास झाडांचे बी एकत्र करावे. चारशे मीटरचे अंतर आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शिवारात कोणाला मिळणार? त्यावर उपाय म्हणजे निवडलेल्या झाडांवर फुले येण्याआधी बारीक जाळीची मच्छरदाणी टाकणे. मिरची स्वतःच्या परागाने फळू शकत असल्याने आत फळे धरतात. सकाळी झाडाला हलका हात लावून हलवले तर अधिक धरतात. फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत, सावलीत वाळवावीत, बी काढून पुन्हा वाळवावे आणि दाताखाली कडक वाजेल इतके सुकले की घट्ट झाकणाच्या बरणीत, वाण आणि साल लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावे.

ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बियाण्याचा सुकाळ झाला आहे. मानांकन हे प्रदेशाला आणि मालाला असते, पाकिटातल्या बियाण्याच्या शुद्धतेची हमी त्यात नसते. डब्बी आणि कड्डी या दोन प्रकारांपैकी नेमके कुठले बी आहे, हे विचारूनच घ्यावे.

सीमेवरची खरेदी आणि तक्रार

आपल्या भागातला शेतकरी सोयाबीन कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून, मिरचीचे तरू गडहिंग्लजहून आणि फ्लॉवरचे पाकीट बेळगावच्या बाजारातून घेतो, हे नेहमीचेच आहे. अनुदानाचे बियाणे घ्यायचे असेल तर कर्नाटकात फ्रूट्स या शेतकऱ्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक लागतो; जमिनीच्या उताऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ते मृगाच्या आधीच दुरुस्त करून घ्यावे, पेरणीच्या तोंडावर रांगेत उभे राहून ते होत नाही. खरेदी कुठूनही केली तरी लॉट क्रमांक लिहिलेली पक्की पावती, चिठ्ठीसह रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. कच्च्या चिठोऱ्यावर चार पैसे वाचतात, आणि तक्रारीच्या वेळी हातात काहीच उरत नाही.

बियाणे उगवले नाही किंवा भेसळ निघाली तर लेखी अर्ज लगेच द्यावा: शेतपिकासाठी रयत संपर्क केंद्रातल्या कृषी अधिकाऱ्याकडे आणि भाजीपाल्यासाठी तालुक्याच्या फलोत्पादन खात्याकडे. पंचनामा उभ्या पिकातच झाला पाहिजे. पीक मोडून दुबार पेरणी केल्यावर दाखवायला काही राहत नाही. दुकान महाराष्ट्रात असेल तर तिथल्या बियाणे निरीक्षकाकडेही अर्जाची प्रत पाठवावी, कारण त्या दुकानाच्या परवान्यावर कारवाई तिथलाच अधिकारी करू शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणून मराठीत अर्ज देण्यास हरकत नाही; तरीही सोबत कन्नड प्रत जोडली तर टेबलावरचा कागद लवकर हलतो.

भरपाई मात्र कृषी खाते देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे पाकीट गडहिंग्लजच्या दुकानातले असले तरी हुक्केरीच्या शेतकऱ्याला कोल्हापूरचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. बेळगावच्या जिल्हा आयोगात पावती, चिठ्ठी, पंचनामा आणि सुतळी बांधलेल्या झाडांचे फोटो जोडून अर्ज देता येतो.